विश्लेषण : पावाच्या यीस्टमधून गर्भपाताचे कोडे कसे उलगडते? गुणसूत्रांच्या जोड्या ऐनवेळेपर्यंत एकत्र कशा राहतात?

दिवस राहिले आणि दोन-अडीच महिन्यांतच गर्भपात झाला, की घरात चौकशी सुरू होते. पपई खाल्ली होती का, रिक्षातून फार फिरली का, जड काही उचलले का, रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर बसत होती का? प्रश्न बहुतेक वेळा सुनेलाच विचारले जातात. प्रत्यक्षात पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी साधारण निम्म्या घटनांमध्ये गर्भाच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. एखादे गुणसूत्र जास्त असते किंवा कमी असते. ही चूक बहुतांश वेळा अंडपेशी तयार होताना, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधी झालेली असते. ती कशी होते, याबद्दल आज जे माहीत आहे त्यातील मोठा भाग शास्त्रज्ञांना कळला तो माणसाच्या नव्हे, तर बेकरीत पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या अभ्यासातून.

मुळात अडचण काय आहे?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. शाळेच्या पुस्तकात यांना ‘समजात गुणसूत्रे’ म्हटलेले असते. अंडपेशी किंवा शुक्राणू तयार होताना ही संख्या निम्मी, म्हणजे २३ व्हावी लागते. त्यासाठी जे विभाजन होते ते अर्धगुणसूत्री विभाजन. दहावीत त्याच्या आकृत्या काढून आपण गुण मिळवले. मात्र त्या आकृत्यांत गुणसूत्रे शहाण्या मुलांसारखी मधोमध रांगेत उभी असतात. ती तशी का उभी राहतात, हे तिथे कोणी सांगत नाही.

या विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची एक नक्कल तयार होते आणि मूळ व नक्कल एकमेकांना चिकटून राहतात. मग लागोपाठ दोन विभाजने होतात. पहिल्यात आईकडचे आणि वडिलांकडचे गुणसूत्र वेगळे होतात, दुसऱ्यात मूळ आणि नक्कल. चुकांचा मोठा वाटा पहिल्या विभाजनात असतो. याचे कारण आई-वडिलांकडची गुणसूत्रे एरवी एकमेकांपाशी नसतात. पेशीच्या केंद्रकात ती आपापल्या जागी पसरलेली असतात. त्यांना वेगळे करायचे, तर आधी शोधून एकत्र आणावे लागते, बांधावे लागते आणि नेमक्या क्षणी सोडावे लागते.

वेगळे करण्यासाठी आधी बांधायचे कशाला? यासाठी रस्सीखेच आठवा. दोन्ही बाजूंनी दोर ओढला जात असेल तरच तो ताणला जातो. पेशीतही गुणसूत्रांना दोन्ही टोकांकडून तंतू येऊन पकडतात आणि ओढतात. जोडी बांधलेली असेल आणि दोघांना विरुद्ध बाजूंनी पकडले असेल तर ताण निर्माण होतो. दोघेही चुकून एकाच बाजूला पकडले गेले, तर दोर सैल राहतो आणि पेशी ती पकड सोडून पुन्हा प्रयत्न करते. ब्रूस निकलस यांनी १९६९ मध्ये नाकतोड्याच्या पेशींत काचेच्या अतिसूक्ष्म सुईने चुकीच्या बाजूला पकडलेले गुणसूत्र ओढून धरले होते. कृत्रिम ताण मिळताच पेशीने ती चुकीची पकडही कायम ठेवली. म्हणजे पेशी गुणसूत्रे ‘पाहत’ नाही, ती फक्त ताण मोजते. इंजिनीअरिंगला कंट्रोल सिस्टीमचा पेपर दिलेल्यांना यात फीडबॅक लूप ओळखू येईल. पण जोडी बांधलेलीच नसेल तर ताण येणार कुठून?

अभ्यासासाठी यीस्टच का?

पाव, पिझ्झा बेस यांत वापरले जाते तेच हे यीस्ट, सॅकरोमायसेस सेरेव्हिसिए. एका पेशीचा जीव, पण केंद्रक असलेला, म्हणून पेशी चालवण्याच्या मूलभूत यंत्रणेत आपला दूरचा नातेवाईक. त्याची गुणसूत्रे १६. केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये संपूर्ण जनुकीय आराखडा सर्वांत आधी, १९९६ मध्ये वाचला गेला तो याचाच. सुमारे ६,००० जनुकांपैकी हवे ते काढून टाकणे किंवा बदलणे प्रयोगशाळेत तुलनेने सोपे.

शिवाय याची एक सवय संशोधकांच्या पथ्यावर पडली आहे. खायला भरपूर असेल तोवर यीस्ट साध्या विभाजनाने वाढत राहते. पण दुहेरी गुणसूत्रे असलेल्या यीस्टला नायट्रोजन मिळेनासे झाले आणि साखरेऐवजी अ‍ॅसिटेटवर दिवस काढायला लावले, की ते अर्धगुणसूत्री विभाजन करून चार बीजाणू तयार करते. हे चारही बीजाणू एकाच पिशवीत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने ते वेगळे करून चार ठिपक्यांत लावता येतात. ज्या बीजाणूला एखादे गुणसूत्र मिळालेले नाही तो वाढत नाही. म्हणजे विभाजन बरोबर झाले की चुकले, याचा निकाल दोन-तीन दिवसांत बशीत दिसतो. माणसाच्या अंडपेशीबाबत असा प्रयोग करता येणे शक्यच नाही.

निरोगी यीस्टमध्ये चुका फार कमी होतात. एखाद्या विशिष्ट गुणसूत्राबाबत साधारण दहा हजार विभाजनांत एखादी.

जोडी बांधण्यासाठी पेशी काय करते?

आधी ती स्वतःचेच डीएनए तोडते. हे वाचताना चुकीचे छापले आहे असे वाटू शकते, पण तसेच आहे. डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटणे ही एरवी पेशीसाठी आणीबाणी असते. त्यातून कर्करोग होऊ शकतो, पेशी मरू शकते. तरीही या विभाजनाच्या सुरुवातीला यीस्ट आपल्या डीएनएत सुमारे दीडशे ठिकाणी असे तुकडे मुद्दाम पाडते. हे काम ‘स्पो-११’ या प्रथिनाचे असल्याचे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. माणसातही हेच प्रथिन हेच काम करते.

तुटलेले टोक दुरुस्तीसाठी आपल्यासारखाच मजकूर शोधू लागते आणि तो त्याला दुसऱ्या समजात गुणसूत्रावर सापडतो. शोधाशोधीची ही पद्धतच दोघांना एकमेकांजवळ आणते. बहुतेक ठिकाणी दुरुस्ती होऊन प्रकरण मिटते. पण यीस्टमध्ये सुमारे ९० ठिकाणी दोन्ही गुणसूत्रांच्या तुकड्यांची कायमची अदलाबदल होते. हाच क्रॉसओव्हर. भावंडे एकसारखी नसण्याचे एक कारण म्हणून तो आपल्याला शिकवला जातो. मात्र पेशीच्या दृष्टीने त्याचे तातडीचे काम वेगळे आहे. ते म्हणजे गाठ बांधणे. बेल्जियमचे संशोधक यान्सेन्स यांनी गुणसूत्रे एकमेकांवरून ओलांडताना पाहून १९०९ मध्येच अशा अदलाबदलीची कल्पना मांडली होती.

स्पो-११ काढून टाकलेल्या यीस्टचे काय होते? त्याचे एक टक्क्याहूनही कमी बीजाणू जगतात. हा आकडा साध्या गणितानेही पडताळता येतो. जोड्या बांधलेल्याच नसतील तर प्रत्येक गुणसूत्र नाणे उडवल्यासारखे कुठल्याही बाजूला जाईल. एखाद्या जोडीतले किमान एक तरी गुणसूत्र आपल्या बाजूला येण्याची शक्यता तीन-चतुर्थांश. सोळाच्या सोळा जोड्यांबाबत तसे घडायचे तर तीन-चतुर्थांशचा सोळावा घात, म्हणजे जेमतेम शंभरात एक. प्रयोगातला निकाल याच्या आसपासच येतो.

नुसत्या अदलाबदलीने गाठ बसते?

नाही. इथे दुसरे एक प्रथिन लागते, कोहेसिन. अंगठीसारखे गोल, आणि मूळ गुणसूत्र व त्याची नक्कल या दोघांना कवेत घेणारे. यीस्टमधील कोहेसिनचा शोध १९९७ मध्ये लागला. ब्रिटिश शास्त्रज्ञ किम नॅस्मिथ यांच्या गटाचा त्यात मोठा वाटा होता. पुढे २०१८ चे ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालेल्यांत तेही होते. अर्धगुणसूत्री विभाजनात या अंगठीचा एक भाग बदलून तिथे ‘रेक-८’ नावाचे प्रथिन येते, हे १९९९ मध्ये याच गटाने यीस्टमध्ये दाखवले.

आता दोन गोष्टी एकत्र करून पाहू. दोन लाल दोरे घ्या, मूळ आणि नक्कल, आणि त्यांना लांबीभर कड्या घाला. तसेच दोन निळे दोरे घ्या. मग एक लाल आणि एक निळा दोरा मध्ये कापून त्यांची खालची टोके एकमेकांत बदलून जोडा. जो दोरा वर लाल आहे तो आता खाली निळा झाला. खालच्या भागात कड्यांनी तो दुसऱ्या निळ्या दोऱ्याला अडकलेला आहे, वरच्या भागात लाल दोऱ्याला. म्हणजे लाल आणि निळी जोडी आता एकमेकांपासून सुटू शकत नाही. घरी दोरा आणि पडद्याच्या कड्या घेऊन हे करून पाहता येते. वाचण्यापेक्षा लवकर समजते, हा अनुभव. कड्या काढून घेतल्या तर मात्र गाठ खाली घसरून निघून जाते. अदलाबदल झालेली असली तरी जोडी धरून ठेवणारी वस्तू शेवटी कोहेसिनची कडीच आहे. लेखाच्या उत्तरार्धासाठी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

गुणसूत्रांमधली ‘झिप’ म्हणजे काय?

दोन समजात गुणसूत्रे शेजारी आली, की त्यांच्यामध्ये टोकापासून टोकापर्यंत एक शिडीसारखी रचना तयार होते. मॉण्ट्रोज मोझेस आणि डॉन फॉसेट यांनी १९५६ मध्ये स्वतंत्रपणे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली. शिडीची रुंदी सुमारे १०० नॅनोमीटर. यीस्टमध्ये तिच्या पायऱ्या ज्या प्रथिनाच्या असतात त्याचे वर्णन १९९३ मध्ये झाले आणि त्याला नाव मिळाले ‘झिप-१’. जीवशास्त्रज्ञ एरवी नावे ठेवण्यात फार गोंधळ घालतात. हे नाव मात्र चपखल आहे.

ही झिप पाहिली तेव्हा जोडी धरून ठेवणारी गोष्ट हीच, असे वाटणे स्वाभाविक होते. पण एक अडचण होती. प्रत्यक्ष ओढाताण सुरू होण्याच्या आधीच झिप उघडते आणि तिची प्रथिने विखुरतात. शिंपी आधी कच्चा टाका घालून कापड जुळवून घेतो, मग मशीनची टीप मारतो आणि कच्चा टाका ओढून टाकतो. झिप हा बराचसा कच्चा टाका आहे. क्रॉसओव्हर नीट पूर्ण होण्यात तिची मदत होते. टीप म्हणजे क्रॉसओव्हर आणि कड्या.

आणि क्रॉसओव्हर झालाच नाही तर?

या कथेतला सर्वांत रंजक भाग हाच. डीन डॉसन, अँड्र्यू मरे आणि जॅक शोस्टॅक यांनी १९८६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात यीस्टवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. (शोस्टॅक यांना पुढे २००९ मध्ये गुणसूत्रांच्या टोकांवरील कामासाठी नोबेल मिळाले.) त्यांनी यीस्टमध्ये अशी कृत्रिम गुणसूत्रे घातली ज्यांच्यात अदलाबदल होतच नव्हती. गाठ नाही, म्हणजे नाणेफेकीप्रमाणे निम्म्या वेळा चूक व्हायला हवी होती. पण बहुतेक वेळा, नव्वद टक्क्यांच्या घरात, ती बरोबर विरुद्ध बाजूंना गेली. म्हणजे पेशीकडे दुसरीही एखादी व्यवस्था असली पाहिजे.

ती काय आहे, हे कळायला जवळपास दोन दशके गेली. प्रत्येक गुणसूत्रावर एक चिमटीसारखी जागा असते, गुणसूत्रबिंदू. तंतू गुणसूत्राला पकडतात ते इथेच. क्रॉसओव्हर न झालेल्या जोडीची दोन गुणसूत्रे या बिंदूंपाशी एकमेकांना चिकटून राहतात, असे २००४ मध्ये डॉसन यांच्या गटाने दाखवले. आणि हा चिकटपणा देणारे प्रथिन? पुन्हा झिप-१. बाकी सगळीकडून झिप उघडली, तरी गुणसूत्रबिंदूपाशी तिचा थोडासा भाग मागे राहतो. बॅगेची चेन उघडली तरी शेवटचे दोन-चार दात अडकून राहतात, तसा. झिप-१ काढून टाकले तर क्रॉसओव्हर नसलेल्या जोड्यांची अचूकता ढासळते.

चिकटलेले दोन बिंदू एकमेकांकडे पाठ करून राहत असतील आणि त्यामुळे दोन्ही बाजूंचे तंतू त्यांना वेगवेगळे पकडत असतील, असा यामागचा तर्क आहे. उंदरांच्या शुक्रपेशी घडतानाही झिपची प्रथिने गुणसूत्रबिंदूंपाशी शेवटपर्यंत रेंगाळताना दिसली आहेत. त्यामुळे हा केवळ यीस्टचा लहरीपणा नसावा, असे मानायला जागा आहे.

मग सुटका कशी होते?

कड्या कापून. ‘सेपरेज’ नावाचे विकर योग्य वेळी जागे होते आणि रेक-८ कापते. २००० मध्ये यीस्टमध्येच हे सिद्ध झाले. पण सगळ्या कड्या एकदम कापल्या तर दुसऱ्या विभाजनासाठी मूळ आणि नक्कल यांना एकत्र ठेवणारे काही उरणार नाही. म्हणून पहिल्या फेरीत गुणसूत्राच्या लांब बाहूंवरील कड्याच कापल्या जातात आणि गुणसूत्रबिंदूजवळच्या कड्यांवर एक रखवालदार बसलेला असतो. त्याचे नाव ‘शुगोशिन’. जपानी भाषेत त्याचा अर्थ रक्षण करणारा देव. आपल्याकडे शोध लागला असता तर कदाचित ‘क्षेत्रपाल’ झाले असते. दुसऱ्या फेरीत तो बाजूला होतो आणि उरलेल्या कड्या कापल्या जातात.

याचा आईच्या वयाशी काय संबंध?

यीस्टचे हे सगळे नाट्य काही तासांत संपते. माणसाच्या अंडपेशीचे वेळापत्रक विचित्र आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचे अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होते. डीएनए तुटते, अदलाबदल होते, गाठी बसतात आणि मग सगळे थांबते. जन्माच्या वेळी अशा १० ते २० लाख थांबलेल्या पेशी तिच्याजवळ असतात. वयात आल्यावर पाळीच्या प्रत्येक चक्रात साधारण एका अंडपेशीचे विभाजन पुढे सरकते. म्हणजे ३८व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या अंडपेशीतील गाठ ३८ वर्षांहून जुनी असते.

आणि कड्या? उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की गर्भावस्थेत घातलेल्या कोहेसिनच्या कड्या पुढे बदलल्या जात नाहीत, नव्याने घातल्याही जात नाहीत. वय वाढलेल्या उंदरांच्या अंडपेशींत गुणसूत्रांवरचे कोहेसिन स्पष्टपणे घटलेले आढळले. कड्या गळाल्या की गाठ घसरते, जोडी वेळेआधीच सुटते आणि पेशीचे ताण मोजणे फसते. पुरुषांत शुक्राणू आयुष्यभर नव्याने तयार होत असल्याने कड्या इतक्या जुन्या होत नाहीत. (वाढत्या वयात शुक्राणूंत वेगळ्या प्रकारचे जनुकीय बदल साचतात, तो विषय निराळा.)

डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ मध्ये कळले. जागतिक डाऊन सिंड्रोम दिन २१ मार्चला, म्हणजे २१/३ या तारखेला असतो तो त्यामुळेच. आई पंचविशीत असेल तर याचे प्रमाण साधारण १,२०० ते १,३०० बाळांत एक, पस्तिशीत सुमारे ३५० मध्ये एक, चाळिशीत सुमारे १०० मध्ये एक आणि पंचेचाळिशीत ३० च्या आसपास एक. जास्तीची प्रत दहापैकी नऊ वेळा आईकडून आलेली असते. मात्र वय हेच एकमेव कारण नव्हे. २१वे गुणसूत्र छोटे असल्याने त्यावर बहुधा एकच क्रॉसओव्हर होतो आणि डाऊन सिंड्रोमच्या बऱ्याच प्रकरणांत तो एकही झालेला नव्हता, असे आढळले आहे. म्हणजे ती जोडी आईच्या जन्माआधीपासूनच सुटी होती. विशीतल्या आईलाही असे बाळ होऊ शकते, त्याचे हे एक कारण. यीस्टमधील १९८६च्या त्या प्रयोगाकडे आज पुन्हा लक्ष जाते तेही याचमुळे. क्रॉसओव्हर नसलेल्या जोडीला सांभाळणारी ती राखीव व्यवस्था माणसाच्या अंडपेशीत कितपत काम करते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

यावर उपचार आहे का?

जुन्या कड्यांच्या जागी नव्या घालणारे औषध आज उपलब्ध नाही. ‘अंडपेशींचा दर्जा सुधारतो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पावडरींच्या जाहिराती पाहताना हे ध्यानात ठेवलेले बरे. जे उपलब्ध आहे ते मुख्यतः तपासणीच्या स्वरूपात आहे. गरोदरपणात आईच्या रक्तातून गर्भाच्या डीएनएची चाचणी करता येते. तिच्यात शंका आली तर गर्भजलाची तपासणी करून खात्री केली जाते. आयव्हीएफमध्ये गर्भ गर्भाशयात सोडण्यापूर्वी त्याच्या काही पेशींतील गुणसूत्रे मोजण्याचीही सोय आहे. पण ती सरसकट सर्वांसाठी फायद्याची आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि खर्चही मोठा आहे. कमी वयात अंडपेशी गोठवून ठेवण्यामागेही हेच कड्यांचे गणित आहे.

मूलभूत संशोधन अजूनही बरेचसे यीस्टवरच चालते. आयआयटी मुंबईत यीस्टमधील गुणसूत्रांच्या वाटणीवर, तर तिरुवनंतपुरमच्या आयसरमध्ये यीस्टमधील क्रॉसओव्हरवर काम होते.

लागोपाठ दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील तर पती-पत्नी दोघांच्याही गुणसूत्रांची रक्ततपासणी करावी का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारता येते. काही जोडप्यांत दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदललेले असतात आणि त्यामुळे वारंवार गर्भपात होतात. अशा वेळी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला उपयोगी पडतो. गर्भपातानंतर गर्भाच्या ऊतींचीही गुणसूत्र तपासणी होऊ शकते, मात्र नमुना योग्य द्रवात आणि वेळेत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, त्यामुळे डॉक्टरांशी ते आधीच बोलून ठेवावे लागते. अशा अहवालांत सर्वाधिक आढळणारी एक नोंद १६व्या गुणसूत्राच्या तीन प्रतींची असते. ही चूक असलेला गर्भ जवळपास नेहमीच पहिल्या तीन महिन्यांत थांबतो आणि पुढच्या खेपेस सर्व काही सुरळीत होण्याची शक्यता बहुतेक जोडप्यांत चांगली असते.